खंडेनवमीला पूजलेलं पिस्तूल

आमच्या मरोळच्या सोसायटीत त्या काळी माणसाची प्रगती वस्तूंवरून मोजायची पद्धत होती. आधी फ्रिज यायचा, मग शटरवाला टीव्ही, मग दोन्हींवर घालायला क्रोशाची झाकणं. त्यानंतर काय आणायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिथपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. धाकू सावंत पोचला. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्याने पिस्तूल आणलं.

धाकू माझा शेजारी. मूळचा कणकवलीकडचा, परळच्या एका गिरणीत फिटर होता. संपात गिरणी गेली तेव्हा त्याच्या बरोबरीचे काही गावाला परतले, काहींनी वडापावच्या गाड्या टाकल्या. धाकूने मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला, त्यात एक जुनं लेथ मशीन बसवलं आणि पंख्यांच्या मोटारींचे बुश, म्हणजे आत बसणारी पितळी नळकांडी, करायला लागला. हात चांगला होता, तोंड गोड होतं, काम मिळत गेलं. इथवर त्याचं चरित्र शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचून दाखवण्यासारखं आहे. मी मास्तर असल्यामुळे मला असली चरित्रं लगेच कळतात.

पण धाकूला एक खोड होती. कंपनीतून आलेली वस्तू तशीच वापरणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याने स्कूटरचा सायलेन्सर बदलला, तेव्हापासून तो घरी निघाला की सोसायटीला पाच मिनिटं आधी कळायचं. दाराची कडी स्वतः घडवली, ती फक्त त्यालाच उघडता यायची. प्रेशर कुकरची शिट्टी त्याने लेथवर जड करून आणली, डाळ लवकर शिजावी म्हणून. डाळ छताला जाऊन चिकटली. धाकू स्टुलावर चढला, छतावरची डाळ बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाला, "शिजली बघ कशी झकास."

त्याची बायको वनमाला हे दारातून बघत होती. ती मुळातच कमी बोलायची. पण त्या दिवसापासून कुकर लावला की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची.

पिस्तुलाचं निमित्त असं झालं, की आमच्या भागातला एक भाई गाळ्यावर उत्सवाची वर्गणी मागायला आला आणि जाताना म्हणाला, "शेठ, बघून घेऊ." हे तो सगळ्यांनाच म्हणायचा. मलाही एकदा म्हणाला होता, मी त्याच्या पुतण्याला गणितात नापास केलं तेव्हा. पण धाकूला आयुष्यात पहिल्यांदा कोणी शेठ म्हणालं होतं. शेठ झालो म्हणजे जिवाला धोका असणारच, असा त्याने हिशेब केला आणि परवान्यासाठी अर्ज ठोकला. पोलीस माझ्याकडे चौकशीला आले. वर्तणूक कशी आहे, दारू पितो का, भांडणं करतो का. मी खरं तेच सांगितलं. कुकरबद्दल त्यांनी विचारलं नाही.

परवाना मिळाल्यावर आम्ही दोघं फोर्टमधल्या अब्बासभाईंच्या दुकानात गेलो. अब्बासभाई शस्त्रांचे परवानाधारक विक्रेते. त्यांनी बत्तीस बोअरचं एक विलायती पिस्तूल काढलं, कोणा म्हाताऱ्या पारशी गृहस्थाने विकायला ठेवलेलं. काळसर, छोटंसं, कामापुरतं. मुठीत गोळ्यांची डबी बसायची, तिला मॅगझिन म्हणायचं. अब्बासभाईंनी आधी ते मॅगझिन काढलं, मग वरचा सरकता भाग मागे ओढून धाकूला नळीत डोकवायला लावलं.

"मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजायचं नाय," ते म्हणाले. "एक गोळी नळीत बसलेली असते. ती दिसत नाय. दर वेळी आत बघायचं. आणि तोंड कधी माणसाकडे करायचं नाय, रिकामं असलं तरी. समजलं ना, शेठ?"

धाकूने यातला फक्त शेवटचा शब्द ऐकला. बाकीच्या सूचना त्याने लग्नात नवरदेव भटजींचं ऐकतो तशा ऐकल्या, म्हणजे मान हलवत.

पिस्तूल घरी आलं त्या संध्याकाळी अर्धी सोसायटी चहाला आली. वनमालाने चहा केला, पोहे केले, सगळ्यांना वाढलं. सगळे गेल्यावर ती माझ्या देखत त्याला म्हणाली, "एकतर तां घरात रवात, नायतर मी. सांगून ठेवतंय."

"अगो, तां काय चावता? रिकामा असा तां," धाकू म्हणाला.

ती रात्रभर जागी होती, हे दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. धाकूला ते दिसलं नाही, कारण तो पिस्तुलाकडे बघत होता. वनमालाने मग बायका ज्या मार्गाने बोलतात तो धरला. निळ्या दोऱ्याचं एक क्रोशाचं झाकण विणलं, कडेला झालर लावून, आणि पिस्तुलावर घातलं. बघणाऱ्यांना वाटलं, बाईलाही कौतुक आहे. मला तिने सांगितलं, की तिला ते नजरेसमोर नको होतं.

आता धाकूच्या डोक्यात सुधारणा सुरू झाल्या. काळा रंग अशुभ, म्हणून शेजारच्या गाळ्यात त्यावर चकचकीत क्रोम चढवून घेतलं, आतून-बाहेरून, दोनदा. मुठीच्या काळ्या पट्ट्या काढून शिसवी लाकडाच्या बसवल्या, एकीवर 'धा. सा.' आणि दुसरीवर 'श्री रामेश्वर प्रसन्न'. चाप जड लागतो म्हणून आत कानस चालवून तो हलका केला. माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघ मास्तर, आता फुंकर मारली तरी चालेल."

मी म्हटलं, फुंकर मारून चालणारं पिस्तूल मला बघायचं नाही. तो हसला. त्याला मी भित्रा वाटायचो, आणि तो मला शहाणा वाटेनासा झाला होता.

भाद्रपदाच्या शेवटी त्याने चाचणी घ्यायची ठरवली. रीतसर रायफल क्लबात जायचं तर तिथे चार अनुभवी माणसं असतात, ती प्रश्न विचारतात. धाकूला प्रश्न नको होते. त्याला चांदिवलीची दगडाची खाण सुचली. तिथे दुपारी सुरुंग उडवतात, त्या धडाक्यात आपला आवाज कोण ऐकणार, ही त्याची युक्ती. मी सोबत गेलो, कारण वनमालाने मला जायला सांगितलं होतं.

खाणीच्या एका बंद पडलेल्या कडेला, कातळासमोर, त्याने रॉकेलचा डबा ठेवला. पलीकडे भोंगा झाला. सुरुंग सुरू झाले आणि धाकूही सुरू झाला. धडाड धडाड असा काही कल्लोळ उठला, की डोंगर कुठला आणि धाकू कुठला ते कळेना. मी कान दाबून खाली बसलो होतो. धूळ बसली तेव्हा डबा होता तसाच उभा होता. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"पहिलीच वेळ," धाकू म्हणाला. त्याने मॅगझिन काढून पाहिलं. रिकामं. "संपल्या सगळ्या."

अब्बासभाईंनी सांगितल्याप्रमाणे वरचा भाग मागे ओढायला गेला तर तो हलेना. किंचित मागे राहून तिथेच अडकला होता. "नवीन क्रोम असा," तो म्हणाला, "जरा घट्ट असणारच. वापरान वापरान बसात."

नेमकं काय झालं होतं ते आम्हाला पुढे अब्बासभाईंनी समजावलं. शेवटची गोळी नळीत अर्धवट शिरली होती, क्रोममुळे अडकली होती आणि उडालीच नव्हती; पुरती आत बसेपर्यंत ती उडणारही नव्हती. साध्या जागी कोणालाही कळलं असतं, कारण चाप ओढूनही आवाज आला नसता. पण धाकूने आपला आवाज लपवायला अशी जागा शोधली होती, की तो त्याला स्वतःलाही ऐकू येऊ नये. सुरुंग उडाला, त्याला वाटलं आपणच उडवला.

घरी येऊन त्याने त्या फटीत खोबरेल तेल सोडलं. रोज संध्याकाळी सोडायचा आणि मऊ फडक्याने चोळायचा. नवरात्राच्या सुमारास वरचा भाग एकदाचा टक करून जागेवर बसला. धाकू खूश झाला. "बघ, बसला की नाय." आणि वर झाकण घातलं.

खंडेनवमीला गाळ्यावर पूजा. त्या दिवशी मशीन बंद ठेवायचं, धुऊनपुसून हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. लेथला झेंडूचं तोरण बांधलं होतं. समोर पाटावर नट आवळायचे पाने, कानशी, मोजपट्टी, विळी, कोयता मांडले होते आणि मधोमध तांबड्या वस्त्रावर पिस्तूल. झाकण काढून. क्रोम असं चमकत होतं, की कोयत्याकडे कोणी बघेना.

पिस्तूल ठेवायचं कसं यावर थोडा वाद झाला. गाळ्यातला कारागीर मार्तंड म्हणाला, देवाचं तोंड पूर्वेला असतं, तसं याचंही करू. पिस्तुलाचं तोंड कोणतं याबद्दल दुमत नव्हतं. ते पूर्वेला केलं. पूर्वेला भिंतीशी वनमाला उभी होती, हातात पितळेचा मोठा डबा घेऊन. त्यात पेढे होते.

धाकूने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मग झेंडूचा हार. कोयत्याला हार घालायचा तर दांड्यात अडकवतात. पिस्तुलाला दांडा नाही. धाकूने तो चापाभोवतीच्या कड्यातून ओवला आणि वरून गुंडाळला. दिसायला छान दिसत होतं.

आरती झाली. पूजेसाठी बोलावलेला फोटोवाला कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, "शेठ, पिस्तूल दिसत नाय हो. सगळं फुलात बुडालंय."

धाकू वाकला आणि त्याने हार जरा ओढून सारखा केला.

आवाज या वेळी सगळ्यांना ऐकू आला. पत्र्याच्या छपराखाली तो एवढा मोठा झाला, की मार्तंड हातातल्या नारळासकट लेथखाली गेला. मी उभाच राहिलो. झेंडूच्या पाकळ्या हवेत उडून हळूहळू खाली येत होत्या. वनमाला भिंतीशी तशीच उभी होती. तिने डबा पोटाऐवजी कमरेच्या बाजूला धरला होता, का ते तिलाही पुढे सांगता आलं नाही. डब्याला एका अंगाने भोक पडलं होतं आणि दुसऱ्या अंगाने पितळ फाटून बाहेर आलं होतं. मागच्या भिंतीचा गिलावा तिच्या पायाशी पडला होता. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

धाकू हार हातात धरून तसाच वाकलेला होता. त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: "पण रिकामा होता तां."

वनमालाने डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "रिकाम्यातसून इला मगे ह्या," ती म्हणाली.

मला आजही ते आठवलं की धाकूचा राग येतो. त्या क्षणी बायकोला हात धरून खाली बसवावं, पाणी द्यावं, ते सोडून हा गृहस्थ पिस्तुलाची बाजू मांडत होता. पाणी मी दिलं.

तिने भांडणतंटा केला नाही. डबा घेऊन गाळ्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, की ते पिस्तूल आधी जाईल, मग ती उठेल. धाकूने विनवलं, शपथा घेतल्या, आज सणाचा दिवस म्हणून सांगितलं. ती बसून राहिली. शेवटी धाकू पोलीस ठाण्यात गेला. गोळी सुटली हे स्वतःहून सांगायला आलेला माणूस बघून तिथल्या हवालदारांनाच प्रश्न पडला. पंचनामा झाला. पिस्तूल जमा झालं आणि काही महिन्यांनी परवानाही गेला. पंचनाम्यात मार्तंडने पूर्व दिशेचा उल्लेख आवर्जून करायला लावला.

परवाना आणि पिस्तूल परत मिळवायची खटपट धाकूने नंतर केली नाही. भाई पुढच्या वर्षी वर्गणीला आला, पावती फाडली, चहा प्यायला आणि आदराने गेला. खंडेनवमीला धाकूने बायकोवरच गोळी झाडली आणि तरी ती टिकली, असं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. दोघांपैकी नक्की कोणाला घाबरावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

वनमालाने निळं झाकण उसवलं. दोरा गुंडाळून ठेवला, पुढे त्याचं काहीतरी केलं असेल. डबा मात्र घासूनपुसून परत फळीवर ठेवला. धाकूने तो गाळ्यावर न्यायची कितीदा तरी परवानगी मागितली. पितळेचं भोक बुजवणं म्हणजे त्याच्या हाताला अर्ध्या तासाचं काम, आणि असं बुजवलं असतं की जागा सापडली नसती. ती दर वेळी एवढंच म्हणाली, "रवांदे."

अजून दर खंडेनवमीला गाळ्यावर पूजा होते. लेथला तोरण असतं, पाटावर कोयता असतो. आरती झाली की वनमाला तोच डबा घेऊन पेढे वाटते आणि सगळ्यांत आधी तो धाकूपुढे धरते, भोकाची बाजू त्याच्याकडे करून. जगातली एकही वस्तू आहे तशी न ठेवणारा माणूस खाली मान घालून त्यातला एक पेढा उचलतो.