बाईंनी पाळलेला वैरी

आमच्या बाई प्रयोगशाळेत सगळ्यांना अहोजाहो करीत, काचसामान धुणाऱ्या मावशींनासुद्धा. अरेतुरे फक्त एकालाच. इनक्यूबेटरमधल्या गाठीच्या पेशींना. सकाळी आल्या की दार उघडून आधी विचारायच्या, "काय रे, आहेस अजून?"

त्या पेशी त्यांच्या धाकट्या भावाच्या गाठीतल्या होत्या. विनू खराडीत नोकरीला होता. खुब्यात कळा येत म्हणून मालीश करून घ्यायचा. निघाला कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडाचा कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, गाठ परत आली. केमोने काही फरक पडला नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायच्या कागदावर त्यानेच सही केली आणि बहिणीला म्हणाला, "ताई, माझ्याच्यानं होत नाही. तू बघून घे याला."

तो गेला. पेशी राहिल्या. ज्याने भाऊ खाल्ला त्याला बाई आपल्या हाताने खाऊपिऊ घालत, आणि हे करताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

मी तिथे नवीन लागले तेव्हा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, ऑक्सिजन जेमतेम पोचतो. अशा टंचाईत पेशींमधली काही प्रथिनं टिकून राहतात आणि पेशीला जगायला शिकवतात. गाठ त्यांच्याच जोरावर वाढते, औषधालाही दाद देत नाही. "याला उपाशी मारता येणार नाही," बाई म्हणाल्या. "उपासावरच पोसलाय मेला. त्याला शिकवणाऱ्यांनाच धरायचं."

आम्ही त्यातलं एक प्रथिन बंद पाडलं. पेशी थोड्या मंदावल्या आणि पुन्हा वाढल्या. त्याच घराण्यातलं दुसरं प्रथिन काम सांभाळत होतं. बाई नुसत्या म्हणाल्या, "बरं. आता त्याला धरू."

एकदा इनक्यूबेटर बिघडून सगळ्या पेशी मेल्या. मला मनातून हायसं वाटलं. बाई मात्र संतापल्या. असा आपोआप मेलेला त्यांना नको होता. त्यांनी गोठवून ठेवलेली कुपी काढली आणि त्याला पुन्हा जगवलं.

मग विनूची बायको, मीनल, एकदा वाघोलीहून आली. तिला त्या पेशी बघायच्या होत्या. बाईंची इच्छा नव्हती, पण नाही म्हणवेना. मीनल बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होती. मान वर न करताच म्हणाली, "ताई, त्यांचं एवढंच जिवंत उरलंय. मारू नका ना."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण आवाज मऊ केला नाही. "मीनल, हा विनू नाही. विनू माझ्या मांडीवर वाढलाय, मी ओळखते त्याला."

मीनल निघून गेली. पुढे कितीतरी दिवस तिने बाईंचा फोन घेतला नाही. बाईंनी काम थांबवलं नाही.

दुसरं प्रथिन बंद पाडायला बराच काळ गेला. ते जमल्यावर, विनूला ज्याचा उपयोग झाला नव्हता तेच केमोचं औषध आम्ही पुन्हा दिलं. या वेळी तळाला चिकटलेल्या पेशी सुटल्या, आक्रसल्या आणि मरून तरंगायला लागल्या. मी आनंदाने बाईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, स्टूल ओढलं आणि जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी बघत बसल्या. नंतर मीनलला फोन लावला. तिने उचलला. बाई म्हणाल्या, "मेला." पलीकडून बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता. बाई फोन कानाला लावून ऐकत राहिल्या.

हे सगळं काचेच्या बशीत झालं. माणसापर्यंत पोचायला अजून पुष्कळ अवकाश आहे, हे बाईही जाणतात. निवृत्त होऊन त्या आता मांजरी गावात राहतात. काम माझ्याकडे आहे. गोठवलेल्या कुपीतल्या त्याच पेशी टोचून सध्या उंदरांवर चाललंय. मध्येच त्यांचा फोन येतो. माझी चौकशी नाही, हवापाण्याची नाही.

"काय म्हणतो?"

"गाठ आकसतेय, बाई. पण फार हळूहळू."

"असू दे," बाई म्हणतात. "विनूलाही त्याने सावकाशच मारलं."