ओकामोतो सरांचं रिकामं ताट

आमच्या मुलीच्या जपानमधल्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा न्यू जर्सीला आमच्या घरी जेवायला आले आणि जेवण झाल्यावर त्यांना उठता आलं नाही. ते आडवे झाले. हॉलमधल्या कार्पेटवर, छताकडे बघत. याला सर्वस्वी मी जबाबदार आहे असं माझी बायको सुनंदा म्हणते, मुलगी म्हणते आणि आमचे मित्र वासनिकही म्हणतात. (वासनिकांनी त्या दिवशी स्वतः पुरणपोळ्यांचा डबा घरी नेला, तरी म्हणतात!)

मुलीचं आधी सांगतो. प्रज्ञा आमची एकुलती एक. कॉम्प्युटर सायन्सची पदवी, बेलव्ह्यूला झकास नोकरी. मी निवांत झालो होतो. तेवढ्यात एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, मी जॉब सोडतेय. जपानला चाललेय. इंग्लिश शिकवायला."

"टोकियोला?"

"नाही हो. एक छोटं गाव आहे समुद्राकाठी. दोन ट्रेन आणि मग एक बस."

मी सोफ्यावर बसलो. भंडाऱ्याजवळच्या खेड्यातून निघून नागपूर, पुणे करत करत अमेरिकेत पोचायला माझी अर्धी हयात गेली. आणि ही पोरगी अमेरिकेतून निघून बस पकडून परत खेड्यात चालली होती!

पहिले काही महिने कोणी विचारलं की मी "ती एका इंटरनॅशनल प्रोजेक्टवर आहे" असं सांगून विषय बदलायचो. मग तिनं एक व्हिडिओ पाठवला. शाळेचं फाटक, पिवळ्या टोप्या घातलेली पोरं, आणि ती दिसताच सगळ्यांनी केलेला एकच गलका, "गुड मॉर्निंग, प्राग्या सेन्से!" सेन्से म्हणजे गुरुजी. आमच्या घराण्यात माझे आजोबा पहिल्यांदा शाळेत गेले, तेही वर्गाच्या बाहेर बसायला. आणि त्यांची पणती आज दुसऱ्या देशाच्या पोरांची सेन्से झाली! तो व्हिडिओ मी सुनंदाला दाखवला, वासनिकांना दाखवला, ऑफिसात दाखवला. आमच्या आयसेलिनच्या देशी दुकानात भेंडी तोलणाऱ्या माणसालाही दाखवला. त्यानं भेंडी बाजूला ठेवून पूर्ण पाहिला, हे त्याचं मोठेपण.

तर अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षासाठी तिला तिथंच राहायचं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाया तिच्या दाराशी मुळे आणि भोपळे ठेवून जायच्या, पोरं तिला सोडायला तयार नव्हती, आणि तिचाही जीव तिथं जडला होता. पण शाळेला इंग्लिशचा एकच शिक्षक ठेवता येणार होता आणि दुसरा उमेदवार रांगेत होता. शब्द चालणार होता तो मुख्याध्यापक ओकामोतो सरांचा. आणि नेमके तेव्हाच हे ओकामोतो सर त्यांच्या गावाच्या मंडळाबरोबर अमेरिकेत येत होते. त्या गावाची न्यू जर्सीतल्या कुठल्याशा गावाशी मैत्री आहे म्हणे. सरांची एक संध्याकाळ मोकळी होती.

"बाबा, सर गुरुवारी आपल्याकडे डिनरला येतील," प्रज्ञा फोनवर म्हणाली. "ते खूप साधे आहेत. इंग्लिश फार येत नाही. तुम्ही फक्त नॉर्मल राहा. आणि बाबा, आग्रह करू नका. प्लीज. आय ॲम सीरियस."

"अजिबात नाही करणार," मी म्हणालो.

"आईला फोन द्या," ती म्हणाली.

आता इथं माझ्या एका कौशल्याची ओळख करून देणं भाग आहे. लग्नाच्या पंगतीत वाढायला मला तरुणपणी शेजारच्या गावांतून बोलावणं यायचं. नको म्हणणाऱ्याला वाढायचं कसं, यात माझा हात धरणारा भंडारा जिल्ह्यात नव्हता. माणूस बोलण्यात गुंतला की मागून जिलेबी. पाणी प्यायला मान वर केली की बुंदी. ताटावर हात आडवे धरले तर बोटांच्या फटीतून! व्याह्यांना शपथा घालून घालून असं जेवू घातलंय की रुसलेले व्याही रुसवा विसरून गेलेत. अमेरिकेत ही विद्या वाया चालली होती. इथली माणसं "आय ॲम गुड" म्हणतात आणि खरंच थांबतात.

गुरुवारी सुनंदानं वडाभात केला, पाटोडीचा रस्सा केला, कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या आणि पुरणपोळ्यांची चळत रचली. पाहुणा जपानी म्हणून मी डायनिंग टेबल गराजमध्ये हलवलं आणि हॉलमध्ये चादरी अंथरून पंगत मांडली.

"अहो, तुम्हाला तरी खाली बसता येतं का?" सुनंदानं विचारलं.

"मी बसणारच नाही. मी वाढणार."

"तीच तर भीती आहे," ती म्हणाली.

सर आले. लहानसर चणीचे, काळा सूट, हातात तांदळाच्या खुसखुशीत बिस्किटांचा डबा. दारातच न सांगता बूट काढले, जोडीनं नीट लावले. मी "जय भीम" म्हणून हात जोडले, ते वाकले. मी वाकलो, ते आणखी वाकले. वासनिकांनी मला मागून धरलं म्हणून थांबलो. मग सरांची नजर हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीवर गेली. ते शांतपणे पुढं झाले आणि डोळे मिटून हात जोडून उभे राहिले. माझ्या अंगावर काटा आला. अरे बाप्पा, हा तर घरचा माणूस! आणि घरच्या माणसाला आग्रह करायचा नाही तर कोणाला करायचा?

सर चादरीवर दोन्ही पाय दुमडून, टाचांवर ताठ बसले. त्यांच्याकडे मान देऊन बसायची ती रीत. समोरच्यानं "आरामात बसा" म्हटलं की मग मांडी घालायची. हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही त्यांच्या बसण्याचं कौतुक करत राहिलो.

पहिलं ताट सरांनी लख्ख केलं. शीत उरलं नाही. रश्श्याची वाटी तर पुसून ठेवल्यासारखी.

"डेलिशस," ते म्हणाले.

आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे काय? वाढणाऱ्याला हाक! मी वडाभात वाढला, वर फोडणीचं तेल घातलं. सरांनी ताटाकडे पाहिलं, मान लववली आणि सगळं संपवलं.

"डेलिशस."

मी पुन्हा वाढलं. त्यांनी पुन्हा संपवलं. मला सांगा, आयुष्यभर "नको नको" ऐकत लोकांना वाढणाऱ्या माणसाला असा पाहुणा भेटल्यावर त्याचं काय होत असेल? मला तर भंडाऱ्याचे दिवस आठवले.

"अहो, त्यांना घाम आलाय," सुनंदा दबक्या आवाजात म्हणाली.

"तर्रीचा आहे. चांगला असतो."

"आग्रह नाही करायचं ठरलं होतं ना?"

"मी एक शब्द तरी बोललो का? फक्त वाढतोय." आणि हे खरं होतं.

पलीकडे वासनिक मुरलेले. त्यांनी वेळीच ताटावर दोन्ही हात पसरले आणि "बस, बस!" करत ओणवे झाले. सरांनी ते बारकाईनं पाहिलं. हा काहीतरी जेवणातला विधी आहे असं वाटून त्यांनीही दोन्ही हात ताटावर धरले आणि भक्तिभावानं मान झुकवली. पण ताटावरचे हात हा आमच्याकडे नकार नसतो, ती नुसती सुरुवात असते! मी तुपात भिजलेली पुरणपोळी अलगद त्यांच्या हातांवरच ठेवली. तूप मनगटावरून घड्याळापर्यंत गेलं. सरांनी क्षणभर डोळे मिटले आणि पोळी खाल्ली.

तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण तेवढ्यात सरांनी तूप पुसून फोन काढला आणि एक फोटो दाखवला. पाऊस पडतोय, फाटकापाशी पोरं छत्र्या घेऊन उभी आहेत.

"युवर डॉटर," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "स्टुडंट्स... वेट. एव्हरी मॉर्निंग. रेन, ऑल्सो वेट. शी इज... गुड टीचर."

सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. आपण ज्या पोरीबद्दल "इंटरनॅशनल प्रोजेक्ट" असं खोटं सांगत फिरलो, तिच्यासाठी पोरं पावसात उभी राहतात हे तिच्या मुख्याध्यापकाच्या तोंडून ऐकताना माझा ऊर भरून आला. आणि मला भरून आलं की मला दुसरं काही सुचत नाही, मी वाढतो.

दोन पोळ्या एकदम वाढल्या! वर तूप, शेजारी दूध.

सरांनी त्याही संपवल्या. शेवटचा घास बराच वेळ तोंडात होता. मग त्यांनी वाटी खाली ठेवली, "थँक यू व्हेरी मच" म्हणाले, उठायला गेले, आणि एवढा वेळ टाचांखाली दबून पार बधिर झालेल्या पायांनी त्यांना दगा दिला. ते बाजूला कलले, वासनिकांच्या खांद्याला घासून खाली आले आणि कार्पेटवर उताणे पसरले. पोट सगळ्यात वर होतं.

"नाइन वन वन लावा!" सुनंदा ओरडली.

"पहिले ओवा द्या, ओवा!" वासनिक म्हणाले आणि स्वयंपाकघरातून ओवा-मीठ घेऊन आले. मी चमचाभर सरांच्या तोंडात घातला. सरांनी तो शेवटच्या कणापर्यंत चावून खाल्ला आणि छताकडे बघत म्हणाले, "डेलिशस."

आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. प्रज्ञानं शिक्षकांच्या खोलीतून फोन लावला होता, आणि तिच्या मागं शाळेचे सगळे शिक्षक ओळीनं उभे राहून आपल्या सरांना हात हलवायला तयार होते. घाबरून मी भलतंच बटण दाबलं. कॅमेरा उलटला आणि सगळ्या शाळेनं आपले मुख्याध्यापक पाहिले. बेल्ट सैल केलेला, मनगटाला तूप, तोंडाला ओवा.

सगळ्या शिक्षकांचे हात वरच्या वर थांबले.

"बाबा! काय केलंत तुम्ही?"

"अगं, काही नाही. त्यांना आवडलं! दर वेळी ताट रिकामं करत होते. मग मी..."

"ओ माय गॉड! बाबा, त्यांच्यात पानात टाकणं वाईट समजतात! रिकामी प्लेट म्हणजे पोट भरलं, झालं! तुम्ही वाढत गेलात म्हणून ते बिचारे संपवत गेले!"

मी सरांकडे पाहिलं. म्हणजे मी वाढतोय म्हणून तो माणूस खात होता, आणि तो खातोय म्हणून मी वाढत होतो. सरांच्या पायांनी दगा दिला नसता तर आम्ही दोघं अजून तिथंच असतो.

प्रज्ञा सरांशी भरभर जपानीत बोलली. सर झोपल्या झोपल्या उत्तरं देत होते. मागं कोणीतरी तोंडावर हात धरला. मग ती मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला इथं राहायचं होतं हो." आणि फोन बंद झाला.

तासाभरानं सर स्वतःच्या पायांवर उभे राहिले. वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून नुसती मान हलवून गेले. मी गाडीपर्यंत सोडायला गेलो. हातात पोळ्यांचा डबा होता, पण सुनंदानं तो दारातच काढून घेतला. (तोच वासनिकांकडे गेला.)

पुढचे दिवस वाईट गेले. प्रज्ञा आईशी बोलायची आणि माझं नाव निघालं की क्लासची वेळ व्हायची. जन्मभर मला ज्या गोष्टीचा अभिमान, तिनंच पोरीच्या पायावर धोंडा पाडला होता. मी जेवताना स्वतःलासुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेत नव्हतो.

शेवटी एका रविवारी तिचा फोन आला. माझ्याच नंबरवर.

"बाबा, कॉन्ट्रॅक्ट मिळालं."

"बघ! मी म्हणत नव्हतो? माणूस खिलवलेलं विसरत नाही!"

"तसं नाही हो. मीटिंगमध्ये सर म्हणाले, ही मुलगी त्या घरात लहानाची मोठी झाली आणि तरी सडपातळ आहे. म्हणजे हिला प्रेमानं नाही म्हणता येतं. आपल्या गावात कोणालाच ते येत नाही, मला तर नाहीच नाही. ते मुलांना हिनंच शिकवावं."

आता तिच्या वर्गात एक नवा धडा आहे. 'नो, थँक यू. आय ॲम फुल.' पोरं घोकतात, आणि मागच्या बाकावर बसून ओकामोतो सर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं घोकतात. सरावासाठी फळ्यावर एक चित्र काढलंय. ढेरपोट्या माणूस, मोठ्या मिशा, हातात डाव. पोरांनी एकेक करून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि त्याला ठणकावून सांगायचं. प्रज्ञानं फोटो पाठवलाय. चित्र हुबेहूब आलंय.

तो फोटो मी आयसेलिनमध्ये घराघरांत दाखवला. जपानच्या शाळेत फळ्यावर ज्याचं चित्र आहे असा भंडारा जिल्ह्यातला मी पहिलाच माणूस! धडा कुठला, ते मात्र मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.