टिलीसाहेबांचं पाचवं मरण

डॉर्कस पेपलोचा आवाज ज्याने ऐकला नाही असा माणूस लंडनच्या आमच्या पेठेत सापडला नसता. सकाळी सातला छापखान्यातून ओल्या शाईची पानं उचलायची, टोपलीत भरायची आणि अंधार पडेपर्यंत गल्लोगल्ली ओरडत विकायची, एका पेनीला एक पान. नवरा तापाने गेला तेव्हा सव्विशीची होती, आता पन्नाशीला टेकली होती. कोणी म्हणेल, यात सांगण्यासारखं काय? अहो, आमच्या कवींनी एकमेकांना हासडलेल्या शिव्या गावभर झाल्या त्या या बाईच्या तोंडून! आणि हिचं नाव एका पानावर सापडेल तर शपथ. मला या गोष्टीचा राग येतो, म्हणून सांगतोय.

त्या काळी लोक कोंबड्यांच्या झुंजी बघायचे तशा कवींच्या झुंजी बघायचे. जेरेमाय हॅक्स्टन आणि ॲम्ब्रोज टिली यांची वीस वर्षं जुंपलेली होती. कशावरून, ते त्या दोघांनाही आठवत नसावं. हॅक्स्टन लिहायचा की टिलीचं नाटक बघायला लोक उशी घेऊन जातात. टिली लिहायचा की हॅक्स्टनच्या केसांच्या टोपात उंदरांनी बिऱ्हाड केलंय आणि त्याच्या डोक्यात तेवढीच काय ती हालचाल आहे. सगळं वृत्तात, यमक जुळवून.

त्यातली सगळ्यात लाडकी खोड म्हणजे वैऱ्याला जिवंतपणीच मारायचं. काळ्या चौकटीचं पान, वर कवटी, खाली विलाप: कविवर्य अमुक काल निवर्तले, त्यांच्या कविता त्यांच्या आधीच गेल्या होत्या. हॅक्स्टनने टिलीला असं चार वेळा मारलं होतं. चारही वेळा डॉर्कस गळा काढून ओरडत फिरली, लोकांनी पोट धरधरून हसत पानं घेतली. दुसऱ्या दिवशी टिली कॉफीहाउसात यायचा, टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "मेल्यावर भूक फार लागते हो. जरा पाव आणा."

डॉर्कसलाही त्या चार मरणांचं कधी वाईट वाटलं नाही, कारण टिलीसाहेब स्वतःच तिच्याकडून एक पान घेऊन जायचे. तिला अक्षरओळख नव्हती. छापखानेवाला सांगेल ते पाठ करून ओरडायची. थेम्स गोठली होती त्या हिवाळ्यात टिलीसाहेबांनी तिला रोज तासभर वर, आपल्या माळ्यावरच्या खोलीत शेकोटीशी बसवलं आणि वाचायला शिकवलं. आणि धडे कशावर? हॅक्स्टनच्या कवितांवर!

"अहो साहेब, यात तर तुम्हाला गाढव म्हटलंय!"

"म्हटलंय ना? मग नीट वाच की. त्याची ओळ कशी सरळ चालते बघ. माझ्या कवितांवर शिकलीस तर ठेच लागेल तुला."

वाचता आलं आणि बाईचं आयुष्य बदललं. छापखानेवाल्याला तिला फसवता येईना. कुठलं पान खपेल, कुठलं पडून राहील, ते ती आधीच ओळखू लागली. पोरीचं लग्न तिने त्याच जोरावर केलं. "माझ्या घरातला प्रत्येक घास त्यांच्या शिकवणीचा आहे," असं ती ज्याला त्याला सांगायची.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती मटणाचं गरम पाणी घेऊन तीन जिने चढून गेली. टिलीसाहेब आठवडाभर खोकत होते. गेली तर ते खुर्चीत बसल्या बसल्याच गार झाले होते.

बायको ना पोर. अशा माणसाला तीन वाजता गाडी येऊन बेवारशांच्या खड्ड्यात नेते, तिथे दहा-दहा पेट्या एकावर एक रचतात. डॉर्कस धावत चर्चच्या कबरी खणणाऱ्या गिब्जकडे गेली. टिलीसाहेब त्याला थडग्यांवरच्या ओळी फुकट लिहून द्यायचे, तो ते विसरला नव्हता.

"भिंतीकडेची जागा देतो बाई. पेटीही त्यांच्या खोलीवर पोचवतो. पण खांदा द्यायला सहा माणसं तू आण. त्याशिवाय पाद्रीबुवा फाटक उघडणार नाहीत. गाडी यायच्या आत आण म्हणजे झालं."

सहा माणसं! त्यात काय अवघड, असं तिला वाटलं. ती तडक कॉफीहाउसात शिरली आणि ओरडली, "टिलीसाहेब गेले हो!"

जो हशा उठला म्हणता!

"परत? पाचव्यांदा?"

"या खेपेला कशाने? स्वतःचीच कविता वाचली की काय?"

"खरंच गेले हो! मी हाताने डोळे मिटलेत त्यांचे!" ती रडायला लागली, तर एकाने टाळ्या वाजवल्या. "वा डॉर्कसबाई! रडणं नवीन दिसतंय. पान कुठाय, पान काढा!"

ती तशीच उभी राहिली. चार वेळा आपण याच तोंडाने खोटं ओरडलो, आता या तोंडाचं खरं कोण ऐकणार? दोन वाजून गेले होते. ज्याने आपल्याला माणसात आणलं त्याला आपणच खड्ड्यात लोटलं, असं तिला वाटलं.

खिडकीशी हॅक्स्टन बसला होता. तो उठून तिच्याजवळ आला. "कोणी छापलंय हे?"

"कोणी नाही साहेब. छापायला काही नाहीच. ते गेले."

हॅक्स्टनचा चेहरा पांढरा पडला. "मी तर लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "म्हणजे खरं आहे." मग त्याने विचारलं, "किती माणसं हवीत?"

"सहा. तीनच्या आत."

"खरं सांगून यातली दोनसुद्धा उठायची नाहीत. थांब तू."

तो बाकावर चढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मंडळी! टिली मेल्याचं सोंग घेऊन पडलाय. मी आत्ता त्याच्या पेटीपाशी उभा राहून त्याच्यावरची नवी कविता वाचणार आहे. यायचं त्यांनी या!"

कॉफीहाउस रिकामं झालं! वाटेत आणखी लोक मिळाले. साठ-सत्तर माणसं हसत, खिदळत, एकमेकांना ढकलत त्या जिन्याखाली जमली. पुढचे दहा-बारा वर चढले आणि गप्प झाले. ती शांतता जिन्यावरून पायरी पायरी खाली उतरली, टोप्या निघाल्या. पेटीचा पुढचा उजवा खांदा हॅक्स्टनने घेतला. बाकीच्या पाच जागांसाठी चक्क भांडणं झाली. गाडी आली तेव्हा गाडीवाल्यालाच वाट सोडावी लागली.

लोकांनी रिवाजाप्रमाणे आठवणीची खूण म्हणून कबरीत रोझमेरीच्या सुवासिक काड्या टाकल्या. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हॅक्स्टन, कविता?"

"कविता नाही. मी खोटं बोललो," हॅक्स्टन म्हणाला. "वीस वर्षं या माणसाने माझी एकही कच्ची ओळ सुटू दिली नाही. छापायला देण्याआधी मी प्रत्येक पान त्याच्या नजरेने वाचायचो. मला जे काही लिहिता येतं ते याच्या धाकाने. आभार मानायचे राहून गेले."

माणसं पांगली. डॉर्कसने पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरले. "देव तुमचं भलं करो साहेब. हे उपकार मी जन्मात विसरायची नाही."

हॅक्स्टन त्या ओल्या मातीकडे बघत होता. "याच्यासाठी माणसं जमवायला याचा वैरी होता," तो म्हणाला. "माझ्या वेळी कोण आहे गं, डॉर्कस?"

"मी आहे ना," ती म्हणाली. "चला, सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या. आधी दोन घास खाऊन घ्या."