दुधिवरे खिंडीतला दगड

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली ती घटना अजून डोक्यातून जात नाही. नावं कोणाचीच सांगत नाही. वेळा मात्र सांगतो, त्या मला पाठ आहेत.

दुपारी चार वीसला आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असलेली इलेक्ट्रिक मोटार पेटली होती. पोर्चला लागूनच घरकाम करणाऱ्या मावशींची खोली. मावशी साठीच्या, कुसगावच्या. जेवून पडल्या होत्या, त्या धुरात कोंडल्या. अग्निशमनच्या जवानांनी आग विझवली, ती पुन्हा भडकली. पुन्हा विझवली, पुन्हा भडकली. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात वारल्या.

पंचनामा चालू असताना शेजारच्या बंगल्यातल्या माळ्यानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, यांचा डायवर दुपारी गाडीखाली वाकून कायतरी करत व्हता. हिकडं तिकडं बघितलं आन् गेला."

गाडीच्या मालकांनी भर घातली. उशिरा आल्याबद्दल त्याच सकाळी त्यांनी चालकाला झापलं होतं, पुन्हा चूक झाली तर घरी बसवीन म्हणाले होते. राग होता, संधी होती, साक्षीदार होता. मला आणखी काय हवं होतं?

चालक चाळिशीचा, मावशींच्याच वस्तीतला. ही नोकरी मावशींनीच शब्द टाकून त्याला मिळवून दिलेली. त्याला सलग सहा दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ठाण्यात बसवलं.

"गाडीखाली काय करत होतास?"

"साहेब, तिकोणा पेठेहून एकलाच येताना खिंडीत खालनं दगड लागला. पावणेबारा झाले आसतील. कुटं लागलंय ते बघत व्हतो. पोचा व्हता, येवढुसा." त्यानं तळहात दाखवला.

"मालकांना सांगितलंस?"

त्यानं तळहात मिटला.

आमचे हवालदार हसले. "पावणेबाराला दगड लागला आणि गाडी पेटली चार वीसला? दगड काय वामकुक्षी घेत होता का रे?"

मीही हसलो. साडेचार तासांचा फरक. पेट्रोलच्या गाड्या बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. टाकी फुटली तर तिथल्या तिथं कळतं, हा माझा हिशेब. दगडाचं वाक्य मी जबाबात घेतलंच नाही. बनाव वाटला.

पाचव्या दिवशी मावशींचा जलदान विधी होता. त्यानं हात जोडले. "साहेब, तासभर सोडा. मावशी हाय माझी." मी सोडला नाही. वस्तीत त्याचा अर्थ एकच निघाला. त्याच्या बायकोला नळावरच्या बायकांनी विचारलं, "तुझ्या नवऱ्यानं म्हातारीला जाळलं, व्हय गं?"

सहाव्या दिवशी तपासणीला आलेल्या तज्ज्ञांनी जळका सांगाडा उचलायला लावला. बॅटरी गाडीच्या तळाशी, पसरून बसवलेली असते. तिच्या खालचा पत्रा एका जागी आत दबला होता.

"रस्त्यावरचा दगड किंवा लोखंड असं खालून लागलं की आतले सेल चेपतात," ते म्हणाले. "लगेच काही दिसत नाही. आत उष्णता वाढत राहते. कधी काही मिनिटांत पेटते, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी."

मी तडक खिंडीत गेलो. चढाच्या वळणावर डांबरावर तेलाचा मोठा डाग होता, वाळलेल्या फांद्या आणि चार दगड. चढावर ट्रक बंद पडला की चाकामागे दगड लावतात, मागच्यांना कळावं म्हणून फांद्या टाकतात. ट्रक दुरुस्त झाला की निघून जातात. दगड तिथंच. चारांतल्या एकावर पत्रा घासल्याची चकचकीत रेघ होती. तज्ज्ञांनी ती त्या पत्र्याशी जुळवली. ट्रक कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चालकाला बोलावून सांगितलं, "तू सुटलास. दगडच होता."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"मी पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "पन पोचा मी मालकाला सांगितला न्हाई. नोकरी जाईल म्हनून भ्यालो. सांगितलं आसतं तर गाडी पोर्चमदी लागली नसती. मावशी तितं निजली व्हती."

येवढ्याशा पोच्यानं असं होईल हे तुला कसं कळणार, असं मी म्हणालो. ते खरं होतं, पण त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं. आकस्मिक मृत्यूची नोंद करून प्रकरण बंद झालं. वस्तीत कोणी कागद वाचत नाही. त्यानं पुन्हा गाडी चालवली नाही.

गेल्या महिन्यात पवनानगरला जाताना त्याच खिंडीत थांबलो. वळणावर तेलाचा नवा डाग होता, तीन दगड होते. मी ते कडेला लोटले. चार दिवसांनी परतलो, तेव्हा पुन्हा दोन होते.

माणूस खोटं कधी बोलतो ते ओळखायला मी तेहतीस वर्षांत शिकलो, असं मला वाटत होतं. निवृत्तीच्या आधी चालकाचा पहिल्या दिवशीचा जबाब काढून पुन्हा वाचला. माझंच अक्षर, चार पानं. दगड हा शब्द त्यात कुठंच नाही.