आशियाच्या नकाशावरचा तांबडा खडू

कुर्दांची बाजू घेणारा माणूस जगात कुठे असो नसो, अमरावतीत एक नक्की होता, आणि तो आमच्या शाळेची घंटा वाजवायचा. हे आमचे शिपाईबुवा. पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या डोल्या उचलायला ते पोरवयातच मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेले आणि शरीरानेच तेवढे परत आले. आशियाचा नकाशा वर्गात टांगण्याआधी त्यावर तांबड्या खडूने कुर्दांचा मुलूख आखायचे. तास सुरू करण्याआधी मी तो पुसायचो. पुढच्या तासाला मुलूख पुन्हा हजर! इराकात कुर्दांशी चाललेली लढाई थांबल्याची बातमी आली, त्या दिवशी मधली सुट्टी दहा मिनिटं जास्त चालली.

मोठ्या राष्ट्रांवर त्यांचा भारी राग. "एका तहात देश कबूल केला, दुसऱ्या तहात नावच नाई. आपल्या हेडमास्तरवानी! रजा तोंडी मंजूर, कागदावर नाई." काल कुर्दांना बंदुका देणारा आज ओळख दाखवत नाही, याचा जाब ते आम्हा मास्तरांना विचारायचे, जणू बंदुका आम्हीच परत घेतल्या. "मानूस म्हनते मी कुर्द, तुर्कस्तान म्हनते तू पहाडी तुर्क. त्याचं नाव त्याले मालूम का सरकारले?"

"बुवा, एवढा जीव का लावता?" मी एकदा विचारलं.

"तिकडं तापानं फणफणलो होतो, मास्तर. एका कुर्द बुढीनं आपल्या ताटात जेवू घातलं. जात नाई इचारली. इकडं गावात मले हिरीवर चढता येत नव्हतं."

आता सांगतो ते मी घरीसुद्धा बोललेलो नाही. छप्पन साली बुवा सहकुटुंब बौद्ध झाले. एकसष्टच्या खानेसुमारीत त्यांची वस्ती मोजायला माझ्याकडे आली. धर्म विचारला तेव्हा ते ताठ बसून म्हणाले, "बौद्ध." मी हिंदू लिहिलं. कुणी दरडावलं नव्हतं. हात जुन्या वळणाने गेला आणि मी तो अडवला नाही.

"लिवलं न, मास्तर?"

"लिहिलं."

त्यांनी चहा दिला. मी प्यालो.

पुढे कित्येक वर्षं ते मला सरकारांचा खोटेपणा समजावत राहिले, मी मान हलवत राहिलो. शाळेच्या दप्तरात वय दहा वर्षांनी कमी लागलेलं, म्हणून उशिरा आलेल्या त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मात्र नकाशांच्या खोलीत सगळं सांगून टाकलं. बुवांनी हातातला नकाशा गुंडाळून खाली ठेवला.

"म्हंजे तुमीबी तुर्कस्तानच निघाले!" म्हणाले, आणि हसले नाहीत. मग हळूच, "पुढच्या खानेसुमारीले माई नात येईन लिवाले. मॅट्रिक झाली ते."

त्यांनी आशिया उलगडला, खडू माझ्या हातात दिला. "आज तुमी काढा."

मी काढू लागलो. रेघ वाकडी जात होती. पाठीमागून आवाज आला, "वरचं, तुर्कस्तानातलं तळं आत घ्या, मास्तर. सोडू नका."

घेतलं.

आता घंटा दुसरं कुणी वाजवतं आणि सुट्टी वेळेवर संपते. आशियाचा तास असला की मी आधी तांबडा खडू शोधतो. वर्गातून कुणीतरी विचारतंच, "सर, हा कुठला देश?" सांगायला बसलो की मला ती दहा मिनिटं कमी पडतात.