माल येऊन राहिला

त्या सिकेटरींची केस अजून डोळ्यांसमोर आहे. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण विषय निघाला की घरचे हसतात, आणि शेवटाला आलो की मी चष्मा पुसायला घेतो.

नागपूरच्या बेसा भागात फ्लॅट स्कीमांच्या मधोमध टिनाचं एक शेड होतं. तिथे सिकेटर बनायची, म्हणजे संत्र्याच्या झाडाची सल, वाळलेल्या बारीक फांद्या, छाटायची कात्री. मालकीण सत्तरीच्या. नवरा वारल्यावर कारखाना त्यांनीच चालवला. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. प्रत्येक सिकेटरवर एका बाईचं नाव कोरलेलं असायचं, आणि काटोलपासून खाप्यापर्यंतचे बागाईतदार ते नाव पाहून डोळे झाकून कात्री घ्यायचे.

एके दिवशी काकू माझ्या ऑफिसात आल्या आणि पिशवीभर मोडक्या सिकेटरी टेबलावर ओतल्या. नाव तेच, डबीही तीच. पातं मात्र बिस्किटासारखं तुटलेलं.

"साहेब, या माह्या नाहीत. पण लोक माह्याच समजून आणून राहिले, अन् मी बदलून देऊन राहिली."

"नकलीच्या बदल्यात अस्सल? काहून, काकू?"

"मंग काय करू? त्यानं नाव पाहून घेतली. त्याले हात हलवत वापस कशी पाठवू?"

मी कपाळावर हात मारला. असंच चाललं असतं तर तो हंगाम संपायच्या आत शेडला कुलूप लागलं असतं. हे त्यांनाही कळत होतं, पण बाई ऐकतील तर ना!

ट्रेडमार्क कायद्यात झडती घ्यायला निरीक्षकाच्या वरचा हुद्दा लागतो. मी तेव्हा सहायक आयुक्त होतो, म्हणून तपास माझ्याकडे आला. खबर काटोलच्या एका बागाईतदारानं दिली. त्यानं मोडकी सिकेटर इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून घेतली होती. छापा घातला, तर दुकानात जेमतेम एक खोकं सापडलं. व्यापाऱ्याला चौकशीला बसवलं. माणूस भलताच गोडबोल्या. "साहेब, फेरीवाला देऊन गेला. मी तं सीधासादा आदमी," यापुढे गाडी सरकेना.

खोटं बोलणारा पोलिसांच्या प्रश्नांची तयारी करून येतो, गिऱ्हाइकाच्या प्रश्नांची करत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी उपनिरीक्षकाला म्हणालो, "त्याचा फोन वाजला की स्पीकरवर उचलायला लाव," आणि दुसऱ्या कामाला गेलो. हा उपनिरीक्षक साताऱ्याकडचा, नुकताच बदलून आलेला, हुशार पण घायकुत्या.

तासाभरात तो घामाघूम होऊन माझ्यापुढे उभा. "सर, त्याच्या तोंडून ऐकलं मी. गिऱ्हाइकाला म्हणाला, टेन्शन नको घेऊ गा, माल येऊन राहिला! लगेच त्याच्या गोदामावर गेलो. तिथं उंदीरसुद्धा नाही!"

दारातले शिपाई पोट धरून हसायला लागले. मी म्हणालो, "अरे बाबा, नागपुरात 'येऊन राहिला' म्हणजे येऊन पडला नाही. येतोय! अजून पोचायचाय!"

मग मी व्यापाऱ्यासमोर जाऊन बसलो आणि एकच विचारलं, "कुठून येऊन राहिला गा?" त्याचा चेहराच उतरला. मग त्यानं कबूल केलं: परदेशात बनवून घेतलेला कंटेनरभर माल नागपूरच्या कस्टमच्या डेपोकडे निघाला होता.

तो अडवणं आमच्या हातात नव्हतं, कस्टमच्या हातात होतं. काकूंचा ट्रेडमार्क रजिस्टर होता. पण आयात मालावर नजर ठेवायची तर त्याची कस्टमकडे वेगळी नोंद करावी लागते. नोंद असली की त्या नावाचा संशयित माल ते अडवून ठेवतात आणि खऱ्या मालकाला तपासायला बोलावतात. काकूंची ही नोंद नव्हती. आधी नोंद होते की आधी कंटेनर लागतो, यावर आता सगळं होतं.

उपनिरीक्षकच काकूंना घेऊन कॉम्प्युटरवर अर्ज भरायला बसला. मध्येच त्यानं विचारलं, "काकू, हे नाव ज्यांचं आहे त्या बाई कुठं असतात? त्यांची सही लागली तर?"

काकू पदराआड हसल्या. "अरे लेका, ते बाई मीच. माहेरचं नाव आहे माहं. लग्नात सासरच्यांनी बदललं. मंग यांनी कोणाले न विचारता कात्रीवर कोरून टाकलं." थोडं थांबून म्हणाल्या, "आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही गा."

पोरानं अर्जातलं ते नाव अक्षर न अक्षर पुन्हा तपासलं. त्यानंतर त्यानं त्या अर्जाचा असा पिच्छा पुरवला की कस्टमवाले त्याचा आवाज ओळखायला लागले. नोंद झाली आणि मागोमाग कंटेनर लागला. कस्टमनं तो अडवला.

तपासणीला आम्ही काकूंसोबत डेपोत गेलो. कस्टमच्या अधिकाऱ्यानं हातातल्या कागदावरचं ट्रेडमार्कचं नाव खणखणीत आवाजात पुकारलं. नुसतं नाव, पुढे-मागे काही नाही.

काकू ताडकन उठल्या, पदर सावरला आणि शाळेतल्या पोरीनं द्यावी तशी ओ दिली, "हजर!"

सगळे हसले. काकूही हसल्या, मग तोंड फिरवून डोळे पुसत राहिल्या. माझेही भरून आले, लपवत नाही. माल नकली ठरला, जप्त झाला, पुढे नष्टही केला.

नकली माल म्हणजे कंपनीचं नुकसान, एवढंच मी तोवर समजत होतो. नोकरीत चोरीला गेलेलं पुष्कळ काही लोकांना परत मिळवून दिलं. दागिने, गाड्या, एकदा तर म्हैस. कुणाचं नाव परत मिळवून द्यायची वेळ मात्र ती एकदाच आली.