वगळलेले नऊ नमुने

जिवंत, पण सौम्य केलेल्या विषाणूंची लस तयार करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. बावीस वर्षं काम एकच. पेशींचा पातळ थर असलेल्या बशीत लशीचा थेंब सोडायचा, पाच दिवस थांबायचं, जांभळा रंग घालायचा आणि थरात पडलेली पांढरी भोकं मोजायची. एक भोक म्हणजे एक जिवंत विषाणू. भोकं कमी, तर लस कुचकामी.

मग एका दिवसात उत्तर देणारं यंत्र आलं. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळतात का, हे बघायला साठ नमुने घेतले. त्यातले नऊ मुद्दाम उबेत ठेवून कमजोर केलेले. आकड्यांची तुलना बाईंच्या भाचीकडे होती. ती संख्याशास्त्र शिकली मावशीच्या घरी राहून, अजूनही तिथेच राहायची. नोकरीसाठी शब्दही मावशीनेच टाकलेला.

त्या नऊ बशांत बाईंना जेमतेम आठ-दहा भोकं दिसली. यंत्राच्या मते लस ठणठणीत होती.

"अगं, ते मेलेले विषाणूही मोजतंय. हे ठळक लिही."

"लिहिते ना मावशी."

अहवाल बैठकीत सगळ्यांसमोरच वाचला गेला. एकावन्न नमुने, आकडे छान जुळलेले. तळाशी बारीक अक्षरांत: 'नऊ नमुने वगळले. हाताने मोजणाऱ्या व्यक्तीची चूक.'

बाईंनी भाचीला जिन्यात गाठलं. "माझ्या डोळ्यांवर खापर फोडलंस?"

"साहेबांना जुळणारंच हवं होतं गं. तू वर्षभरात निवृत्त होशील, तुझं काय बिघडतंय? माझं सगळं पुढे पडलंय."

बाईंना संतापापेक्षा लाज वाटत होती, आणि ती कशाची तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या नऊ बशा कपाटातून काढल्या, चिठ्ठ्या झाकल्या आणि दुसऱ्या विभागातल्या दोघांना वेगवेगळं मोजायला लावलं. एखाद-दुसऱ्या भोकाचा फरक सोडला, तर आकडे बाईंचेच. त्या मोजणीचे कागद त्यांनी गुणवत्ता विभागात नेऊन दिले.

यंत्राचा वापर थांबला. नवा अहवाल साठही नमुन्यांचा निघाला. 'चूक' हा शब्द गुपचूप गेला; माफी कुणीच मागितली नाही.

त्याच आठवड्यात बाई घरी आल्या, तर भाचीचं कपाट रिकामं. किल्ली शेजारणीकडे ठेवलेली. थोड्या वेळाने बहिणीचा फोन आला.

"सख्ख्या भाचीच्या मुळावर उठलीस!"

"ताई, आधी ऐकून तरी घे..."

फोन कट झाला. बाईंनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा तो बंद लागला.